गॅदरिंगचं प्राणिसंग्रहालय

गॅदरिंग म्हटलं की बाकीच्यांना नाच, नाटकं आणि ऐन भाषणात कुईं करणारा माइक आठवतो, मला आठवते ती तळमजल्यावरची ड्रॉइंगची खोली आणि तिथे दरवर्षी तीन दिवसांसाठी उभं राहणारं आमचं प्राणिसंग्रहालय. सगळे प्राणी प्लास्टिकच्या कचऱ्याचे. मी कार्यानुभव शिकवायचे, त्यामुळे हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं आणि पुढची अकरा वर्षं पडलेलंच राहिलं. तक्रार नाहीये हं, उलट शाळा सोडताना सगळ्यात जास्त जीव तिथेच अडकला होता.

पहिल्या वर्षी मात्र फजिती झाली. मी वहीत सूचना लिहून दिली, 'टाकाऊतून टिकाऊ प्राणी बनवणे, साहित्य घरून आणावे', आणि मुलं काय घेऊन आली तर न फोडलेली स्ट्रॉची पाकिटं, कोऱ्या थर्माकोलच्या शीट्स, पुडीभर चमकी. एका मुलीच्या आईने तर माशासाठी बाटल्या हव्यात म्हणून सहा नव्या बाटल्या विकत आणल्या, पाणी झाडांना घातलं आणि रिकाम्या बाटल्या पुसूनबिसून पाठवल्या! आता काय बोलणार, त्यांचा हेतू चांगलाच होता, घोळ माझ्या सूचनेतच होता. मासा सुंदर झाला, बक्षीसही मिळालं. प्रदर्शन संपल्यावर आवराआवर करताना शिपाईमामा सहज म्हणाले, "बाई, येताना चार पोती होती, जाताना सहा झाली की." मी हसले, पण रात्री ते काही केल्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या वर्षीपासून नियम केले. विकत काही आणायचं नाही, चिकटवायचं नाही, रंगवायचं नाही, चमकी तर अजिबात नाही, कारण चमकी म्हणजे बारीक कापलेलं प्लास्टिकच. आणि रंग-गोंद फासलेली बाटली पुन्हा वितळवायला सहसा कोणी घेत नाही. मग करायचं काय, तर बांधायचं, ओवायचं, खाच पाडून अडकवायचं. मुलांनी आरडाओरडा केला, "बाई ग्लू गनशिवाय कसं होणार?" पण झालं ना! आणि खरं सांगते, प्राणी आधीपेक्षा देखणे झाले. संपलेल्या बॉलपेनांचं साळिंदर झालं, जुन्या टूथब्रशांच्या आयाळीचा घोडा झाला, शॅम्पूच्या बाटलीच्या चोचीचा पेलिकन झाला. दोऱ्याचं काय करायचं हा प्रश्न होता, तो सहावीतल्या एका मुलाने सोडवला. बाटलीचा तळ उडवून कडेपासून गोल गोल कापत गेलं की अख्ख्या बाटलीची एकच लांबलचक पट्टी निघते, तीच दोरी. तिने गाठ मारून वरून गरम पाणी ओतलं की पट्टी आकसते आणि गाठ अशी आवळते की सोडवायला कात्रीच लागते (पाणी ओतायचं काम माझं, मुलांना किटलीजवळ फिरकू द्यायचे नाही).

नियमांमुळे एक झालं, मुलं कचरा हातात घेऊन बघायला लागली. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ मधला एक आकडा असतो. तोपर्यंत मीसुद्धा समजत होते की त्रिकोण म्हणजे हे रिसायकल होणारच, पण तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, पुढे त्याचं काय होणार ते नाही. मग आकड्यांप्रमाणे टोपल्या लावायच्या. विज्ञानाच्या बाई पाण्याची बादली घेऊन यायच्या. १ नंबरच्या बाटलीचा तुकडा टाकला की बुडतो, आणि त्याच बाटलीचं झाकण तरंगतं. म्हणजे एकच बाटली समुद्रात गेली तरी झाकण वर फिरणार आणि बाटली पाणी भरलं की तळाला जाणार. पाचवीतली एक चिमुरडी ते बघून म्हणाली, "मग त्यांची भेटच नाही होणार?" विज्ञानाच्या बाई निरुत्तर.

भूगोलाच्या सरांची बदकांची गोष्ट तर ठरलेलीच. जानेवारी १९९२, पॅसिफिकमध्ये वादळात सापडलेल्या जहाजावरून कंटेनर पडले, एक फुटला आणि आंघोळीच्या टबात खेळायची २८,८०० प्लास्टिकची खेळणी समुद्रात गेली, पिवळी बदकं, निळी कासवं, हिरवे बेडूक, लाल बीव्हर. पोकळ आणि भोक नसलेली, त्यामुळे बुडेचनात. साधारण दहा महिन्यांनी काही अलास्काच्या किनाऱ्याला लागली आणि कर्टिस एबस्मायर नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने त्यांच्यावरून प्रवाहांचा माग काढला. सरांचा आकडा दरवर्षी २८,८०० च असायचा, पण पोरं घरी सांगेपर्यंत तीस लाख बदकं व्हायची आणि जहाजही बुडायचं.

प्रदर्शनात दारातच शंभर झाकणांची रांग असायची. २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, २०१५ पर्यंत जगात झालेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यातला साधारण ९ टक्के रिसायकल झाला, १२ टक्के जाळला गेला, बाकी ७९ टक्के कचऱ्याच्या ढिगात नाहीतर उघड्यावर. मुलांनी तो झाकणांत मांडला. नऊ हिरवी, बारा लाल, उरलेली एकोणऐंशी निळी. पालक घाईघाईत आत शिरायचे आणि पायाने रांग विस्कटायचे, की दोन पोरं धावत येऊन पुन्हा मोजायला बसायची. तीन दिवसांत किती वेळा मोजली असतील देव जाणे, पण तो आकडा त्यांना जन्मात विसरता यायचा नाही.

आणि मग तो प्रश्न. सातवीतल्या एका आगाऊ पोराने फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, प्लास्टिक तर आधीच टिकाऊ आहे ना? तोच तर प्रॉब्लेम आहे, मग आपण टाकाऊतून टिकाऊ काय करतोय?" इतकी वर्षं मी ती ओळ फळ्यावर रंगीत खडूने लिहीत होते! त्या वर्षी पाटी बदलली, 'टिकाऊचं काय करायचं?' अशी. मुख्याध्यापिकाबाईंना ती फारशी आवडली नाही, पाहुण्यांना कळणार नाही म्हणाल्या.

चौथा दिवस मोडामोडीचा. सगळे प्राणी सोडवायचे, जातीप्रमाणे टोपल्यांत परत. सुरुवातीला रडारड व्हायची, आपण केलेलं कासव मोडायचं म्हणजे काय! नंतर नंतर मुलं त्याचीच वाट बघायला लागली, कोणाचा प्राणी आधी सुटतो याची शर्यत.

एकदाच अपवाद केला. पिशव्या आणि थर्माकोलचा देवमासा झाला होता, चांगला बारा फुटी, आणि मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या हा राहू दे, व्हरांड्यात टांगू, शोभेल. शोभला. पुढची दोन वर्षं येणारा-जाणारा त्याच्याबरोबर फोटो काढायचा. मग एका सकाळी खाली पांढरा भुगा दिसला. उन्हाने पिशव्यांचं पापड झालं होतं, हात लावला की चुरा. मामा झाडू घेऊन आले तर झाडल्याबरोबर सगळं उडून बागेकडे निघालं. तेवढ्यात तो करणाऱ्यांतलाच एक मुलगा, आता नववीत गेलेला, दप्तर टाकून धावत आला, मामांच्या हातातला झाडू धरला आणि म्हणाला, "नको मामा, ओलं फडकं द्या." मग घंटा झाली तरी तो गुडघ्यावर बसून एकेक फरशी टिपत होता, मध्येच कंपासमधली पट्टी काढून एक तुकडा मोजला आणि मला ओरडून सांगितलं, "बाई, पाच मिलीमीटरच्या आत आहे हो, मायक्रोप्लास्टिक झालं आपल्या माशाचं!" मी त्याच्या वर्गावर चिठ्ठी पाठवली की उशीर होईल, आणि दुसरं फडकं भिजवून आणलं.