खाडकन लावलेलं दार

रविवार, दादर

लेखनकलेवरचं पुस्तक एकटं वाचायला घेऊ नये. शेजारी एक मराठी कादंबरी उघडी हवी. नियम वाचला की तो लगेच कादंबरीच्या पानावर घासून बघायचा. ही पुस्तकं बहुतेक इंग्रजीतली असतात, आणि त्यांतले निम्मे नियम गोष्ट सांगण्याचे नसून इंग्रजी भाषेचे असतात. ते तसेच उचलले की मराठी वाक्य सुकतं.

अमेरिकी कादंबरीकार स्टीफन किंग यांच्या २००० सालच्या ‘ऑन रायटिंग’मध्ये क्रियाविशेषणांवर कडक टीका आहे. त्यांचं उदाहरण दार ‘घट्ट’ लावण्याचं आहे. ते कसं लावलं असेल हे आधीच्या मजकुरातूनच कळायला हवं, मग तो शब्द कशाला, असा त्यांचा प्रश्न. ‘ती रागानं म्हणाली’, ‘तो दुःखी स्वरात उत्तरला’ अशा ठिकाणी हे मराठीतही शंभर टक्के खरं आहे. पण ‘तिनं खाडकन दार लावलं’ यातलं ‘खाडकन’ खोडून बघा. फळीचा आवाज गेला, राग गेला, घरातली बाकीची माणसं दचकली असतील तेही गेलं. टचकन, सर्रकन, खुदकन, भसकन हे शब्द भावनेचं नाव सांगत नाहीत, ते आवाज नाहीतर हालचाल कानाडोळ्यांपुढे आणतात. म्हणून कसोटी अशी ठेवावी: शब्द काढल्यावर आवाज किंवा हालचाल हरवते का? हरवत असेल तर तो राहू द्यावा. मात्र एका पानात असे चार आले की त्यांचा ढोल होतो.

कर्मणी प्रयोगाचा घोटाळा याहून मोठा. इंग्रजी पुस्तक सांगतं, कर्मणी टाळा. मराठीत ‘तिनं पत्र वाचलं’ हाच कर्मणी! भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की बहुधा हीच रचना येते, आणि ती अगदी जिवंत असते. टाळायचं ते ‘पत्र वाचण्यात आलं’, ‘तिच्याकडून पत्र वाचलं गेलं’ हे. त्यात माणूस नाहीसा होतो आणि सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

किंग यांच्याच पुस्तकात दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्के कमी असावा असं सूत्र आहे. ते मराठीला चांगलं लागू पडतं, फक्त चरबी वेगळ्या जागी साठते. ‘त्याच्या मनात असा विचार आला की आपण आता इथून निघायला हवं’ याचं ‘आता निघायला हवं’ एवढंच पुरतं. ‘एक प्रकारची’, ‘च्या संदर्भात’, ‘दुःख आणि वेदना’सारख्या जोड्या यांवर आधी पेन्सिल फिरवावी.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कथा आणि कथानक यांत केलेला भेद मात्र कुठल्याही भाषेत टिकतो: राणी राजाच्या मागोमाग मेली, की राजाच्या दुःखानं मेली? पहिली नुसती कथा, दुसरं कथानक. एका प्रकरणातल्या प्रत्येक प्रसंगाचं एकेक वाक्य लिहावं आणि ती ‘मग’नं जोडता येतात की ‘म्हणून’नं ते बघावं. ओळीनं तीन ‘मग’ आले की प्रकरण सहसा ढेपाळतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) ‘मग’ पुष्कळ चालतात, कारण सांगणारा मास्तर गावाला नवखा आहे. त्याला वाडी उलगडत जाते तशी ती आपल्यालाही उलगडते, आणि ते उलगडणंच आपल्याला पुढे ओढतं.

इंग्रजीच्या आधारानं लिहिलेल्या पुस्तकांत जे सापडायचं नाही ते संबोधन. ‘अहो’वरून ‘अरे’वर, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर पात्र कुठल्या पानावर घसरतं, ते टिपून ठेवावं. नातं तिथे बदललेलं असतं, लेखकानं एक अक्षर न सांगता. आणि चाळीतला पोरगा ‘आपण नाय जाणार’ म्हणतो तेव्हा ‘आपण’ म्हणजे ‘मी’, आणि त्या ‘मी’त थोडी ऐट.

पहिलं वाचन लोकलमध्ये खुशाल करावं, नुसतं गोष्टीसाठी. दुसऱ्याला टेबल लागतं. १८९८पासूनच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेल्या प्रतीत रेघा मारू नयेत. बोटभर रुंद कागदी पट्ट्या ठेवाव्यात, पट्टीवर पान, ओळ आणि एकच प्रश्न. एका वाचनात दोन प्रश्न घेतले की दोन्ही निसटतात.

आवडलेलं एक पान हातानं उतरवून काढणं हा सगळ्यांत मोलाचा अभ्यास. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मूळ वाक्य एकदा वाचायचं, नजर काढायची, लिहायचं, मग ताडून बघायचं. हात दोन-तीन ठिकाणी चुकतोच. लेखकानं ‘आलाच नाही तो’ लिहिलेलं असतं आणि आपण ‘तो आलाच नाही’ लिहितो. त्या चुका खोडायच्या नाहीत, त्यांभोवती गोल करायचा.