नाव नीट उच्चारलं गेलं पाहिजे: इटलीतल्या छोट्या गावात मराठा जवानांना मानवंदना

मध्य इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोन्तोने नावाचं टेकडीवरचं तटबंदीचं गाव आहे. ब्राच्चो फोर्तेब्राच्चो या मध्ययुगीन भाडोत्री सेनापतीचं गाव म्हणून इटालियन लोक ते ओळखतात. आपल्यासाठी त्याची ओळख वेगळी आहे. जुलै २०२३ मध्ये इथे नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक छायाघडी, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ, उभारली गेली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे हे बावीस वर्षांचे जवान १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात पडले. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे शत्रूच्या ठाण्यावर धावून गेले आणि ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली. एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवलं. जिंकलेल्या त्याच ठाण्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा घात केला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, पण कबर कुठेच नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, मोन्तोनेपासून कित्येक तास दूर.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मनांविरुद्ध झालेल्या लढाईत भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनमधले सुमारे ५०,००० जवान उतरले आणि त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय जवानांचे होते. म्हणून इटलीच्या २५ एप्रिलच्या मुक्तिदिनी किंवा गावाच्या स्वतःच्या मुक्तीच्या तारखेला इथल्या चौकात मराठी माणूस उभा राहिला, तर तो केवळ पाहुणा नसतो. पण उभं कसं राहायचं, हे माहीत हवं.

छोट्या गावातला कार्यक्रम साधारण पाऊण तासाचा. सगळे नगरपालिकेसमोर किंवा चर्चबाहेर जमतात. पुढे गावाचा गोन्फालोने, म्हणजे नक्षीदार मानाचा ध्वज, मागे माजी सैनिकांच्या संघटनांची निशाणं, पिसाच्या टोप्या घातलेले आल्पीनी, म्हणजे इटलीच्या डोंगरी पलटणींचे सैनिक, आणि मग नागरिक. महापौर, इथला सिंदाको, इटलीच्या झेंड्याच्या रंगांचा तिरंगी पट्टा खांद्यावरून तिरका घालतो. त्यातला हिरवा रंग मानेच्या बाजूला असतो. चालत स्मारकापाशी गेलं की ‘आत्तेंती’ अशी आरोळी होते, म्हणजे सावधान. राष्ट्रगीतावर ध्वज चढतो. मग दोघे जण तमालपत्राचं मोठं चक्र धरून पुढे होतात, महापौर मागून जातो, ते ठेवलं की वाकून रिबीन सरळ करतो आणि एक पाऊल मागे येतो. त्यानंतर बिगुलावर ‘सिलेंत्सियो’ (शब्दशः शांतता), म्हणजे मृतांच्या मानवंदनेचा सूर, वाजतो. मग पाद्री आशीर्वाद देतो आणि भाषणं होतात. भाषणं मात्र वेळेत संपतील असं धरू नका.

बिगुल चालू असताना टाळ्या वाजवायच्या नाहीत, फोन उंच धरायचा नाही, हलायचंही नाही. गणवेशातला माणूस सलाम करतो, बाकीचे हात बाजूला ठेवून उभे राहतात. पुरुषांनी उन्हाची टोपी काढायची. फेटा किंवा पगडी काढायची नाही, कुणी मागतही नाही. ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही मराठा रेजिमेंटची रणगर्जना तिथे द्यावी का? द्यावी, पण बिगुलाचा शेवटचा सूर विरल्यावर, भाषणांच्या शेवटी, आणि महापौरांना आधी सांगून. तिचा या भूमीशी खरा संबंध आहे: ९ एप्रिल १९४५ ला उत्तरेकडे सेनियो नदीच्या बांधावर याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी हीच गर्जना दिली होती. दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवून, मग हात जखमी असताना त्यांनी मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या होत्या.

आता चुकतं कुठे. पुष्पचक्राचं काम सोपं आहे. फुलवाल्याला आठवडाभर आधी सांगितलं की तमालपत्राचं चक्र तिरंगी रिबिनीसह मिळतं. रिबिनीवरची अक्षरं मात्र छापायच्या आधी कागदावर लिहून तपासून घ्यावी. टेकडीवर वारा असतो. तिपाईचा मागचा पाय दगडाने टेकवला नाही तर चक्र उलटतं आणि सगळ्यांच्या आधी फोटो त्याचाच निघतो. झेंडूचा हार हवा असेल तर कुंडीतली फुलं काढून घरीच ओवायला लागतात, तयार हार मिळत नाही. चक्राऐवजी हातातला साधा गुच्छही चालतो, पण तो महापौर आणि सैनिकी प्रतिनिधींनंतर ठेवायचा.

झेंड्यांत गोंधळ जास्त. इटलीच्या नियमाप्रमाणे त्यांचा राष्ट्रध्वज आधी चढतो, शेवटी उतरतो आणि मानाची जागा घेतो: झेंडे विषम असतील तर मधली, नाहीतर झेंड्यांच्या उजवीकडची, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडची. आपला तिरंगा उभा टांगायचा झाला तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. इटालियन झेंड्यातला हिरवा काठीच्या बाजूला असतो, त्यामुळे टांगणाऱ्याचा हात सवयीने आपल्या तिरंग्यातला हिरवाही तिकडेच घेऊन जातो. आदल्या संध्याकाळी एकदा बघून यावं.

सगळ्यात जास्त घात होतो तो नावांचा. इटालियन माणूस रोमन लिपी आपल्या उच्चारांनी वाचतो. त्याच्या भाषेत एच मुका आणि जुन्या नावांतला जे हा ‘य’. म्हणून ‘जाधव’ हे नाव भाषणात ‘यादव’ होऊन येतं आणि आपल्याकडचे लोक घरून व्हिडिओ बघताना चक्रावतात. घाडगेंचा शेवट ‘जे’ होतो, कारण इटालियनमध्ये जी नंतर ई आला की तो मऊ होतो. उपाय असा: वाचणाऱ्याच्या कागदावर नावं इटालियन वळणाने लिहून द्यावी. घाडगेमधला ‘गे’ हा जी-एच-ई, जाधवमधला ‘जा’ हा जी-आय-ए. ही दोन अक्षरं बदलली की काम झालं. कागद मोठ्या टाइपात, आठवडाभर आधी, आणि फोनवर एकदा म्हणून दाखवावा.

आणखी एक गोष्ट भाषणाच्या मसुद्यात बघावी. भारतीय डिव्हिजन ब्रिटिश आठव्या आर्मीत होत्या, त्यामुळे मुक्तिदात्यांना सरसकट ‘इंग्रज’ म्हणण्याची इथे सवय आहे. ‘भारतीय’ हा शब्द घालता येईल का, असं विनयाने विचारलं की सहसा घातला जातो. त्यासाठीचा अर्ज नगरपालिकेच्या सचिवालयाकडे महिनाभर आधी करावा. ऐन वेळी भाषणं छापून झालेली असतात.

आपल्या गावातल्या कुणाचं नाव शोधायचं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर रेजिमेंटनुसार शोधा, आडनावानुसार नको; स्पेलिंगं कारकुनाच्या कानावर होती आणि ‘मराठा’ तिथे ‘महरट्टा’ असा आहे. जिल्हेही जुने, रायगड नव्हे, कुलाबा. कबर न दिसली तर घाबरू नका. हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं, म्हणून त्यांची नावं दहनस्मारकांवर कोरलेली असतात. एकट्या फोर्लीच्या भारतीय दफनभूमीत ४९६ दफनं आहेत आणि शेजारच्या दहनस्मारकावर ७६८ नावं.

मोन्तोनेला जायचंच तर स्वतःची गाडी बरी. सुट्टीच्या दिवशी बस विरळ असते. गाडी तटाबाहेर ठेवून चढ पायी चढावा लागतो. आणि १० जुलैला गेलात तर घड्याळात बारा वाजता छायाघडीकडे धावू नका. उन्हाळी वेळ आणि रेखांशाचा फरक धरता तिथली खरी मध्यान्ह दुपारी सव्वाच्या सुमारास येते.