उरलेला अर्धा इंच

हाताने शिवलेल्या चामडी पट्ट्यावर नक्षी काढायची म्हटलं की लोकांना वाटतं, अवघड काम सुई-दोऱ्याचं असणार. बोटांना घट्टे पडणार, आरी टोचणार, मान अवघडणार. ते सगळं होतंच. पण खरी पंचाईत त्याच्याही आधीची आहे. माणसाच्या कंबरेला नक्षीने पूर्ण भाग जात नाही. काहीतरी उरतंच.

हिशेब सांगतो. समजा पट्टा ३६ इंचांचा. हे माप म्हणजे चामडं जिथे बक्कलाभोवती दुमडतं तिथपासून मधल्या भोकापर्यंतचं अंतर. भोकं पाच, एकेका इंचावर, म्हणजे मधल्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. शेवटच्या भोकापुढे टोकापर्यंत चार इंच. एकूण झाले ४२. आता यातली सगळी लांबी नक्षीला मिळत नाही. बक्कलाजवळ चामडं दुहेरी असतं, तिथे कडी असते, म्हणून पहिले चार इंच सोडायचे. भोकांच्या अलीकडे दीड इंच मोकळा ठेवायचा, नाहीतर नक्षी आणि भोकं यांची मारामारी होते. राहिले साडेअठ्ठावीस इंच. नक्षी साधी घेऊ: दोन नागमोडी रेषा एकमेकींना ओलांडत जातात आणि दर दोन इंचांनी एक घर पुरं होतं. साडेअठ्ठावीस भागिले दोन. घरं चौदा आणि वर अर्धा इंच.

या अर्ध्या इंचाचं करायचं काय, यावर माझे कितीतरी रविवार गेलेत. घरचे म्हणतात, अर्धा इंच कोण बघतंय. त्यांचं बरोबर आहे. पण सुई माझ्या हातात असते.

पहिला उपाय, तो भोकांच्या बाजूला सोडून द्यायचा. तिथे दीडाऐवजी दोन इंच मोकळे दिसतील. दिसतील म्हणजे अगदी समोर, बक्कलाला लागून. दुसरा उपाय जास्त चतुर आहे. पट्टा मधल्या भोकात अडकवला की त्याचं टोक बक्कलाच्या पुढे सहा इंच जातं आणि पट्ट्याच्याच सुरुवातीच्या भागावर बसतं. म्हणजे प्रत्येक पट्ट्यात एक झाकलेली जागा आयतीच असते. उरलेला अर्धा इंच तिथे ढकलावा, वर टोक येईल, कुणाला पत्ता लागणार नाही. हा उपाय दसऱ्यापर्यंत उत्तम चालतो. दिवाळीचा फराळ झाला की माणूस मधल्या भोकावरून शेवटच्या भोकावर जातो, टोक सहाचं चार इंचांवर येतं आणि झाकलेलं उघडं पडतं. पट्टा करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या चकल्यांचाही विचार करायला हवा.

शिवाय या दुसऱ्या उपायाने मधला बिंदू हलतो. नक्षी पट्ट्यावर मधोमध असून भागत नाही, ती माणसावर मधोमध हवी. बक्कल पोटावर असेल तर त्याच्या बरोबर समोरचा बिंदू पाठीच्या कण्यावर, ३६च्या निम्म्यावर, म्हणजे दुमडीपासून १८ इंचांवर येतो. नक्षीची सात घरं याच्या डावीकडे आणि सात उजवीकडे हवीत. उरलेला तुकडा टोकाखाली लपवला की नक्षीचा मध्य साडेअठरावर जातो. आणि नेसणारा एक भोक पुढे-मागे झाला की कण्यावरचा बिंदूही अर्धा इंच सरकतो. पट्टा करताना मी मध्य ठरवतो तो आजच्या पोटापुरता.

एवढा जीव टाकून काढलेल्या मध्याचं पुढे काय होतं तेही सांगतो. जीन्सला मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, एक लूप असतं. नक्षीचा मध्य त्याच्याखाली जातो. कायमचा. सुरुवातीला मला या लुपाचा राग यायचा. आता त्याचा उपयोग करून घेतो. घरं सम संख्येत घ्यायची, म्हणजे मध्यावर घर न येता दोन घरांचा सांधा येतो. तो लुपाखाली गेला की दोन्ही बाजूंना अख्खी घरं दिसतात. विषम संख्या घेतली तर नेमकं मधलं देखणं घर झाकलं जाणार. तरीही विषमच हवी म्हणणारे आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या पँटीला मागे लूप नसावं अशी आशा करतो.

तिसरा उपाय तबलजींकडचा आहे. तीनतालाच्या समेवरून, म्हणजे सोळा मात्रांच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेवरून, तिहाई (एकच तुकडा तीनदा) उचलली आणि पुढच्या समेवरच उतरायचं असेल, तर दोन्ही समा धरून मात्रा होतात सतरा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा वाजवला की पंधराच भरतात. उरलेल्या दोन मात्रा कुठे टाकायच्या? दोन तुकड्यांच्या मधे एकेक मात्रेचा दम. ऐकणाऱ्याला तो हिशेब वाटत नाही, डौल वाटतो. पट्ट्याचंही तेच करायचं. अर्धा इंच म्हणजे साधारण साडेबारा मिलिमीटर. तो चौदा घरांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिलिमीटर येतो. दोन इंचांचं घर एका मिलिमीटरने लांब झालेलं जगात कुणालाही दिसत नाही. मध्य तेवढा पाव इंच हलतो, आणि तो पाव इंच लुपाच्या रुंदीत जिरतो. मी बहुतेक वेळा हेच करतो.

आता हे वाटप करायचं कसं? कंपासपेटीतलं कर्कटक आठवतंय का? दोन्ही पायांना टोकं असलेलं, शाळेत ज्याचा मुख्य उपयोग पुढच्या बाकावरच्याला टोचणं हा होता? चामड्याच्या कामात त्याच्याइतकं इमानी हत्यार नाही. अंदाजाने पाय फाकवायचे, पट्टाभर चालत न्यायचं, शेवटी थोडं कमी-जास्त पडलं तर पाय किंचित आवळून किंवा सैल करून पुन्हा पहिल्यापासून चालायचं. दोन-तीन फेऱ्यांत बरोबर बसतं. ज्यांना हे धसमुसळं वाटतं त्यांच्यासाठी दहावीच्या भूमितीतलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय आहेच. तिरकी रेषा काढायची, तिच्यावर चौदा समान खुणा करायच्या आणि समांतर रेषांनी त्या खाली उतरवायच्या. त्या प्रमेयाचा आयुष्यात काय उपयोग, असं विचारणाऱ्या भाच्याला मी हा पट्टा दाखवला. तो म्हणाला, "मामा, ऑनलाइन का नाही घेतलास?"

घडीची पद्धत सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत गोड. दुकानात बिलाच्या यंत्राला जो ५७ मिलिमीटर रुंदीचा कागदाचा रोल लागतो, तो पट्ट्याच्या नक्षीसाठीच जन्माला आलाय असं मला वाटतं. साडेअठ्ठावीस इंच फाडायचा, मधोमध घडी घालायची, पुन्हा घडी, पुन्हा, पुन्हा. चार घड्यांत सोळा घरं. आकडा नाही, भागाकार नाही, उरणं नाही. घर दोन इंचांऐवजी पावणेदोनच्या किंचित वर जातं. फक्त घरांची संख्या तुमची राहत नाही, कागदाची होते: आठ, सोळा किंवा बत्तीस.

नक्षी आधी कागदावरच उतरवायची, कारण चामडं कापडासारखं माफ करत नाही. कापडातला टाका उसवला की वीण पुन्हा मिटते. चामड्यात आरी गेली की ते भोक जन्माचं. पेन्सिलीची रेघसुद्धा धड पुसली जात नाही. म्हणून झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं असेल तर ते ओल्या स्पंजाने जरा दमट करायचं, कागद वर ठेवून बोथट टोकाने रेषा गिरवायची आणि खाली उमटलेल्या फिकट खुणेवर काम करायचं. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच कमावलेलं असतं, बाभळीची साल आणि हिरडा घालून. २०१९ मध्ये त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. चपलेचा कारागीर मला वरचढ वाटतो. माझा पट्टा फक्त स्वतःशी जुळला की झालं, त्याला डावा आणि उजवा जुळवायचा असतो.

पट्ट्यावरच्या शिवणकामात जग किती पुढे गेलंय ते बघायचं तर मेक्सिकोत जायला हवं. हालिस्को राज्यातलं कोलोत्लान हे गाव 'पितेआदो' या कामासाठी ओळखलं जातं. पिता नावाचा तंतू अननसाच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या पानातून काढतात, त्याचा पांढरा दोरा वळतात आणि त्याने चामड्यावर फुलं, घोड्याचे नाल, प्राणी भरतात. आल्प्समध्ये, इटलीच्या दक्षिण टिरोलमधल्या सार्नताल खोऱ्यात, दोराच नसतो. तिथे मोराच्या पिसाऱ्यातल्या पिसाचा दांडा उभा चिरून त्याच्या बारीक पांढऱ्या पट्ट्या करतात आणि त्यांनी भरतकाम करतात. मोर आपला, पण पिसाच्या दांड्याने पट्टा भरावा हे सुचलं त्यांना! तिथला जुना पट्टा पोटभर रुंद, त्यावर बहुधा मालकाच्या नावाची आद्याक्षरं. म्हणजे तिथे मिरवायचा मध्य पुढे, पोटावर. लुपाची कटकट नाही आणि पोट जितकं मोठं तितकी नक्षीला जागा जास्त. हे लोक मला फार समजूतदार वाटतात.

टाका घालणं हा भाग त्या मानाने सरळ. दोरा एक, सुया दोन, एकेक सुई दोन्ही टोकांना. एकाच भोकातून दोघी समोरासमोरून जातात. शिवायच्या लांबीच्या चौपट दोरा घ्यायचा, मेण चोळायचं. या टाक्याचा एखादा दोरा तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात, मशीनची टीप मात्र एकदा सुटली की सुटतच जाते. नक्षी वरच्या थरावरच शिवायची. मागच्या गाठी आणि उलटसुलट धागे झाकायला नंतर पातळ चामड्याचं अस्तर चिकटवायचं आणि मगच दोन्ही थरांतून कडेची शिवण घ्यायची. धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानांत पट्ट्याचं चामडं मागताना पाठीचं मागावं. पोटाकडचं चामडं ताणतं, आणि पट्टा ताणला की चौदा घरांचं गणित पुन्हा पहिल्या पानावर.

माझ्या मामांना हे सगळं मी एकदा उत्साहाने समजावलं. ते म्हणाले, "मला नक्षीबिक्षी नको रे. साधा दे, नुसती कडेची शिवण."

साधा पट्टा! कडेच्या शिवणीत एक टाका बरोबर टोकावर यायलाच हवा, नाहीतर टोक वाकडं दिसतं. म्हणून खुणा टोकापासून सुरू करायच्या, दोन्ही कडांना सारख्याच मोजायच्या, चार मिलिमीटरला एक. बक्कलाशी पोचलं की अर्धा टाका उरतोच. मग शेवटचे दहा-बारा टाके केसभर आवळून घ्यायचे, दोन्ही कडांना सारखेच. एक अख्खी संध्याकाळ गेली त्यात. मामांनी पट्टा लावला, शर्ट वरून सोडला आणि मामीला म्हणाले, "बघ, कसा सुटसुटीत आहे. काही भानगडच नाही."