सकाळचा पाय वेगळा, संध्याकाळचा वेगळा

शनिवारी शाळेत पांढरा गणवेश आणि पांढरे कॅनव्हासचे बूट लागतात. ते बूट मी शुक्रवारी रात्री धुते. 2022 च्या पावसाळ्यात एका शुक्रवारी घासायला घेतले, तर मनूच्या डाव्या बुटाचा पुढचा भाग, करंगळीच्या बाजूचा, झिजून पार आतलं कापड दिसत होतं. टाचेचं रबर मात्र नवंकोरं. बूट जूनमध्येच घेतलेले. मी रागावले, "पाय घासत चालतेस का गं?" ती म्हणाली, "मी नाही घासत. तो आपोआप वळतो."

मनू तेव्हा तिसरीत, आठ वर्षांची. तिने त्या एका वाक्यात तिचा आजार सांगून टाकला होता. मला तो ऐकू यायला दीड वर्ष लागलं.

सकाळी ती ठणठणीत असायची. दोन-दोन पायऱ्या सोडत खाली उतरून रिक्षा गाठायची. दुपारी घरी येईपर्यंत डावा पाय आत वळायला लागायचा आणि दिवेलागणीला तर टाच जमिनीला टेकायचीच नाही. चवड्यावर, तेही करंगळीच्या कडेवर भार देऊन, भिंतीला धरून चालायची. पोटरी हाताला लाकडासारखी लागायची. रात्री झोप लागली की तोच पाय मऊ, सैल. सकाळी पुन्हा काही झालंच नव्हतं जणू. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं. पण अभ्यासाची वेळ संध्याकाळची, त्यामुळे घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की अभ्यास नको म्हणून सोंग करते. एके दिवशी मी तिचा भिंतीवरचा हात सोडवला आणि "नीट चाल" म्हणत तिला हॉलमधून चालायला लावलं. ती पडली. हनुवटीला खोक पडली, तीन टाके घातले. त्या टाक्यांची खूण अजून आहे. हा अनुभव लिहायला बसले त्याला ती खूणही कारण आहे.

आम्ही कराडला राहतो. आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटरीची शीर आखडली आहे असं सांगून व्यायाम आणि खास बूट दिले. सहा महिन्यांत फरक नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. तो नॉर्मल आला. तरी कागदावर 'सौम्य सेरेब्रल पाल्सी' असं लिहिलं गेलं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला झालेली इजा; तिची लक्षणं पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतात आणि ती सकाळी नाहीशी होऊन संध्याकाळी परत येत नाहीत. मनू अकराव्या महिन्यात चालायला लागलेली, सात वर्षं धावलेली. पण हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. तिसऱ्या ठिकाणी तपासणीत काहीच सापडलं नाही, म्हणून मानसोपचाराची चिठ्ठी मिळाली. आज मागे वळून पाहिलं की एकच गोष्ट खटकते: सकाळी लवकर नंबर लागतो म्हणून प्रत्येक डॉक्टरांकडे आम्ही तिला सकाळीच नेलं होतं. प्रत्येकाने सकाळचा पाय पाहिला.

फिजिओथेरपी सुरू होती. एकदा त्या मॅडमना सकाळी जमलं नाही, म्हणून त्या संध्याकाळी सातला घरी आल्या. मनू दार उघडायला भिंत धरून गेली. मॅडम उंबऱ्यातच थांबल्या. म्हणाल्या, "ताई, हा पाय मी कधी पाहिलेलाच नाही. याचा व्हिडिओ काढा. वेळ दिसली पाहिजे."

मग आठवडाभर मी व्हिडिओ काढले. जागा एकच, घरातला बोळ. मागे भिंतीवर घड्याळ. पाय अनवाणी, फ्रॉक गुडघ्याच्या वर, म्हणजे पाऊल कसं पडतं ते दिसेल. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक. ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांना माझं हेच सांगणं आहे, की बाकी फाइल राहिली तरी चालेल, हे व्हिडिओ हवेतच. आमच्या जाडजूड फाइलपेक्षा त्या वीस-वीस सेकंदांच्या तुकड्यांनी काम केलं.

2024 च्या जानेवारीत आम्ही पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. मुद्दाम दुपारी साडेचारची वेळ घेतली. बाहेर बाकावर शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांची मान सारखी डावीकडे खेचली जात होती. मधूनच ते दोन बोटं हनुवटीला नुसती टेकवायचे, आणि मान सरळ यायची. बोटं काढली की पुन्हा वळायची. मनू टक लावून पाहत होती, म्हणून मी तिला दटावलं, तर तेच म्हणाले, "बघू द्या. तिचा पाय आणि माझी मान एकाच जातीची दिसतात." त्यांना दर तीन महिन्यांनी मानेच्या स्नायूंत बोटुलिनमची, म्हणजे आवळलेला स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं घ्यावी लागत होती. डिस्टोनिया हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला.

डॉक्टर मॅडमनी व्हिडिओ दोनदा पाहिले. मग असा प्रश्न विचारला, जो तोवर कुणी विचारला नव्हता: "झोपून उठली की बरी असते का?" मी हो म्हटलं. मनू त्या वेळी चवड्यावरच आली होती. त्यांनी तिला आतल्या खोलीत झोपायला लावलं. प्रवासाने दमलेलीच होती, पाऊण तास गाढ झोपली. उठवून चालवलं तेव्हा टाच टेकली. मॅडम ह्यांना म्हणाल्या, "मुलगी नाटक करत नाही. झोपेतून उठल्यावर असं नाटक संपत नसतं."

मग त्यांनी कागदावर पायाचं चित्र काढलं. आपण पाऊल उचलतो तेव्हा पुढचा स्नायू आवळतो आणि मागची पोटरी सैल सुटते. मेंदूच्या खोल भागातून, बेसल गँग्लिया म्हणतात त्याला, कुणी आवळायचं आणि कुणी सुटायचं याचा हिशोब ठेवला जातो. डिस्टोनियात तो हिशोब चुकतो. दोन्ही स्नायू एकदम आवळतात, आणि हातपाय, मान, पापण्या, कुठलाही भाग पिळल्यासारखा वळतो. स्नायू चांगला असतो, नसही चांगली असते. म्हणूनच साध्या एमआरआयमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही. हे नाव बर्लिनच्या हेरमान ओपनहाइम यांनी 1911 मध्ये दिलं. त्याआधीच नव्हे, पुढे कित्येक वर्षंही अशा रुग्णांना मनाचे रोगी समजलं जात होतं. म्हणजे आमच्या मनूवर आलेला आळ शंभर वर्षांचा जुना होता.

डिस्टोनियाचे प्रकार बरेच आहेत. काही आनुवंशिक, काही औषधांमुळे किंवा दुखापतीमुळे. मुलांमध्ये आनुवंशिकांपैकी एक नेहमी तपासतात तो टॉर-वन-ए या जनुकातल्या दोषाचा, 1997 मध्ये सापडलेला. तोही पायापासून सुरू होऊ शकतो, पण त्याला पुढे मनूला दिलेल्या गोळीचा तसा उपयोग होत नाही. त्यांना इतर औषधं लागतात, काहींना मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया. मनूचा प्रकार मॅडमना वेगळा वाटला. जपानचे मासाया सेगावा यांनी 1971 मध्ये नात्याने बहिणी लागणाऱ्या दोन लहान मुलींमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. सकाळी बऱ्या, संध्याकाळी लंगड्या, आणि लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते औषध, दिल्यावर चालत्या. 1994 मध्ये त्याचं जनुक सापडलं, जीसीएच-वन, चौदाव्या गुणसूत्रावर.

मला समजलं ते मॅडमच्या टाकीच्या उदाहरणामुळे. डोपामिन म्हणजे हालचाली नीट होण्यासाठी मेंदूत लागणारं रसायन, आणि ते बनवायला एक मदतनीस रसायन लागतं. तो मदतनीस तयार करणारं विकर या मुलांमध्ये कमी पडतं. रात्रीच्या झोपेत डोपामिनची टाकी थोडीफार भरते, सकाळी नळाला पाणी असतं. दिवसभर वापर झाला की संध्याकाळी खडखडाट. पार्किन्सन्समध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरतात. इथे पेशी शाबूत असतात, म्हणून थोड्याशा गोळीवर वर्षानुवर्षं भागतं. ज्यांच्याकडे एका वेळचंच पाणी येतं त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

गोळी लगेच दिली नाही. आधी रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, तपासलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळाची कड पाहून घेतली. विल्सन्स डिसीज म्हणून तांब्याचा आजार असतो, त्यातही असं होऊ शकतं, त्याचे उपचार वेगळे आणि तो चुकवून चालत नाही. ते नॉर्मल आल्यावर लेव्होडोपा-कार्बिडोपाची (कार्बिडोपा लेव्होडोपाला मेंदूपर्यंत पोचण्याआधी वाया जाऊ देत नाही) पाव गोळी, म्हणजे पंचवीस मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. पहिले तीन दिवस तिला मळमळलं, एकदा उलटी झाली. मॅडमनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी थांबवली नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मनू पाय धुऊन मोरीतून बाहेर आली. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, ओलं पाऊल काळं उमटतं. दीड वर्ष मी त्या फरशीवर डाव्या पायाची फक्त पाच बोटं आणि एक बाहेरची कड पाहिली होती. त्या दिवशी बोटं होती, चवडा होता, मधली कमान होती आणि मागे गोल टाच होती. मी हातातली परात खाली ठेवली. एक, दोन, तीन, चार पावलं, सगळी पुरी. मी ह्यांना हाक मारली, पण ते येईपर्यंत पहिलं पाऊल वाळून गेलं होतं. चौथं त्यांना दिसलं.

पुढे वजनाप्रमाणे मात्रा थोडी वाढली. आता सकाळी अर्धी आणि दुपारी अर्धी गोळी घेते. दूध, डाळ, अंडं असं पोटभर खाऊन लगेच घेतली तर गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून वेळ सांभाळतो. मनाने बंद करायची नाही, हे तर डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. गावाकडून एकांनी कवचबीजाचं चूर्ण पाठवलं, "यात तेच असतं" म्हणून. त्यात खरंच लेव्होडोपा असतं, खाजकुइलीच्या बियांत ते नैसर्गिकच आहे. पण चमच्याला किती, ते कुणालाच सांगता येत नाही, आणि सोबत कार्बिडोपा नसतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून ठेवून घेतलं, मनूला दिलं नाही.

जनुकाची तपासणी उशिरा केली. पैसे जमवायला वेळ लागला, आणि गोळी लागू पडली हाच मोठा पुरावा होता. महिन्याभराने अहवाल आला: जीसीएच-वन. मग ह्यांचं आणि माझं रक्त तपासलं. दोष ह्यांच्याकडून आलेला. तोवर सासूबाई "आमच्या घराण्यात असलं काही नाही" असं म्हणत होत्या, आणि ते सारखं ऐकून मला स्वतःचाच संशय यायला लागला होता. अहवाल हातात आला तेव्हा मला हायसं वाटेल असं वाटलं होतं. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि काही बोलवलं नाही. मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की दोष असलेल्या आईबापाकडून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, पण मिळालेल्या सगळ्यांना आजार होतोच असं नाही, आणि झालाच तर मुलग्यांपेक्षा मुलींना जास्त होतो. काहींच्या वाट्याला तो म्हातारपणी थरथर होऊन येतो. सासऱ्यांचे हात शेवटची दहा वर्षं कापायचे. आम्ही ते वयावर घातलं होतं.

आणि घरात अक्का होत्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, वय 52. गावाकडे सासूबाईंजवळ राहतात. नवव्या वर्षी पाय वळायला लागला, पंधराव्या वर्षापर्यंत दोन्ही पाय. पोलिओ म्हणून सगळ्यांनी मानलं. लग्न झालं नाही. पोलिओतला पाय लुळा आणि बारीक पडतो, अक्कांचा ताठ होता. आणि त्या पहाटे चारला उठून सगळी कामं उरकायच्या, कारण "माझं शरीर सकाळचंच आहे" असं त्या म्हणायच्या. आम्ही ते वाक्य वीस वर्षं ऐकलं होतं.

त्यांना पुण्याला न्यायला मला दोन महिने मनधरणी करावी लागली. "आता काय करायचंय," एवढंच म्हणायच्या. शेवटी मनूनेच त्यांना आपले सकाळ-संध्याकाळचे व्हिडिओ दाखवले. अक्कांनी ते परत परत पाहिले आणि पिशवी भरली.

गोळीने त्यांचे आखडलेले घोटे सुटले नाहीत, ते आता सुटणारही नाहीत. पण पिळ गेला. एका काठीवर त्या संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या देवळात जाऊन येतात. दिवे लागल्यावर त्यांना घराबाहेर पाहणारी गावातली माणसं थांबून बघतात.

गेल्या महिन्यात मी गावी गेले होते. अक्का पडवीत बसून मनूच्या शाळेचे फोटो बघत होत्या, धावण्याच्या शर्यतीतले. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला हे पंधराव्या वर्षी मिळालं असतं तर गं?"

मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनीच घड्याळाकडे पाहिलं.

"दुपारची जेवणाआधी ना?"

"आधी, अक्का. अर्धा तास आधी," मी म्हटलं आणि पाणी आणायला उठले.