उजळाईवाडी ते क्वालालंपूर: सात किलोंचा हिशेब

कोल्हापूरहून क्वालालंपूरला जायची स्वस्तातली एक वाट अशी: कोल्हापूरचं विमानतळ असलेल्या उजळाईवाडीहून इंडिगोच्या एटीआरने (पंख्यांच्या छोट्या विमानाने) हैदराबाद आणि तिथून एअर एशियाने थेट क्वालालंपूर. रात्रभर बसमध्ये बसून मुंबई गाठायचा त्रास वाचतो. मात्र तिकिटं दोन, कंपन्या दोन, आणि सामानाचे नियमही दोन. हा वृत्तांत त्या वाटेचा आहे, पण बॅगेच्या बाजूने लिहिलेला, कारण या प्रवासात पैसे जातात ते बॅगेपायी.

आधी आकडे. इंडिगो देशांतर्गत प्रवासात ७ किलोंची एक केबिन बॅग (सोबत विमानात न्यायची) देते, सोबत ३ किलोंपर्यंतची लॅपटॉपची बॅग किंवा पर्स चालते, आणि १५ किलोंची चेक-इन बॅग (काउंटरवर सोपवायची) साध्या तिकिटातच असते. म्हणजे माणशी २५ किलो. एअर एशियाच्या साध्या तिकिटात केबिनमध्ये दोन नग नेता येतात, पण दोन्ही मिळून ७ किलो, आणि चेक-इन बॅग शून्य. कोल्हापुरात नियमात बसवून भरलेल्या २५ किलोंपैकी १८ किलो हैदराबादला बेवारस होतात. काउंटरवर जादा पैसे भरायचे, नाहीतर सामान तिथेच टाकायचं, एवढेच पर्याय उरतात. कोल्हापूरच्या काउंटरवर कुणी याबद्दल बोलत नाही, कारण त्यांच्या लेखी तुमचा प्रवास हैदराबादला संपतो.

म्हणून बॅग पहिल्या विमानाच्या नियमाने भरू नका, सगळ्या वाटेवरच्या सर्वांत कडक नियमाने भरा. चेक-इन सामान लागणारच असेल तर एअर एशियाचं तिकीट काढतानाच २० किलोंचं सामान जोडून घ्या. तेच सामान नंतर वेबसाइटवरून जोडलं तर महाग पडतं आणि विमानतळावर सर्वांत महाग. मग कोल्हापूरच्या टप्प्यालाही चेक-इन बॅग १५ किलोंच्या आतच ठेवा. तिकडे २० असले तरी इकडे १५ आहेत. कुटुंबातल्या प्रत्येकाला २० किलो घ्यायची गरज नसते. चौघांत एक मोठी बॅग २० किलोंची घेतली तर पुष्कळदा भागतं, फक्त ती एक बॅग इंडिगोच्या १५ किलोंत बसत नाही. अशा वेळी कोल्हापूरहून दोन बॅगा करून निघायचं आणि हैदराबादला दुसरी रिकामी करून पहिलीत कोंबायची. दुसरी बॅग घडी होणारी कापडी असेल तरच हे जमतं.

आता मापं. इथे बहुतेकांची गफलत होते. लांबी, रुंदी, जाडी मिळून ११५ सेंटीमीटर हा आकडा सगळेच सांगतात आणि तो खराही आहे. पण इंडिगोचे ११५ म्हणजे ५५, ३५, २५. एअर एशियाचे ११५ म्हणजे ५६, ३६, २३. एअर इंडियाचे ११५ म्हणजे ५५, ४०, २०. बेरीज तीच, पेट्या तीन. २५ सेंटीमीटर जाडीची बॅग इंडिगोच्या मापात बसते आणि एअर एशियाच्या बॅग मापायच्या लोखंडी पिंजऱ्यात अडकते. तिन्हींत बसणारी पेटी काढायची तर प्रत्येक बाजूचा लहानातला आकडा घ्या: ५५, ३५, २०. दुकानात जाताना हे तीन आकडे कागदावर लिहून न्या. ‘केबिन साइज’ असं लेबल पाहून बॅग घेऊ नका, आणि ‘२० इंची’ या शब्दावरही जाऊ नका. तो आकडा बऱ्याचदा नुसत्या कवचाचा असतो, चाकं आणि मूठ सोडून.

बॅग मोजायची ती भरल्यावर. भिंतीला टेकवून चाकांवर उभी करा, मूठ खाली दाबलेली असू द्या, वरून जाड पुस्तक आडवं टेकवा आणि पुस्तकाच्या खालच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लावा. जाडी मोजतानाही असंच, बॅग आडवी ठेवून. कापडी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात चार्जर आणि पाऊच कोंबले की ती तिथेच ३-४ सेंटीमीटर फुगते. ते सामान आतल्या बाजूला सरकवा आणि पुढचा कप्पा कागदपत्रांपुरता ठेवा.

वजनाचंही असंच आहे. कडक कवचाची छोटी ट्रॉली रिकामीच अडीच ते तीन किलोंची असते. सात किलोंतले तीन बॅगेनेच खाल्ले तर सामानाला उरले चार. त्यातून दीड-दोन किलोंचा लॅपटॉप गेला की कपड्यांना काय राहिलं? या वाटेला ट्रॉली नकोच, असं आमचं स्पष्ट मत आहे. किलोभराची चौकोनी सॅक घ्या. खांदे जरा दुखतील, पण दोन किलो मोकळे होतील आणि एटीआरमध्येही तीच सोयीची. घरी लटकवायचा डिजिटल काटा असेल तर उत्तम, नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानात बॅग काट्यावर ठेवा. घरच्या काट्यावर ६ किलो ७०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. दोन काट्यांत शे-दोनशे ग्रॅमचा फरक असतोच, आणि वाटेत पाण्याची बाटली, डबा, मासिक असं काही ना काही बॅगेत शिरतंच.

कोल्हापूरकराची बॅग रिकाम्या हाताने जात नाही. तिकडे मुलगा किंवा भाऊ असेल तर गूळ, चटणी, भडंग, चपला हे आलंच. यातल्या प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

चटणी आधी, कारण सगळ्यांत जास्त तीच अडते. आपल्याकडे कांदा-लसूण घालून केलेल्या तिखटालाच चटणी म्हणतात. तपासणीच्या मशीनवर मात्र ती तिखटाची पूड आहे, आणि तिखट केबिनमध्ये नेता येत नाही, कारण ते डोळ्यांत फेकता येतं. चेक-इन बॅगेत ठेवा. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, मधली हवा दाबून काढलेली, वर स्टीलचा नको, प्लास्टिकचा हलका डबा. तुमच्याकडे चेक-इन बॅगच नसेल तर चटणी नेऊ नका. ‘घरची आहे, थोडीशीच आहे’ असं सांगून ती सुटत नाही.

खोबरं चेक-इनमध्येही चालत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते साठवणीत आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते आपोआप पेटणाऱ्या पदार्थांच्या वर्गात मोडतं. अंबाबाईच्या ओटीतला नारळही केबिनमध्ये अडतो. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ च्या हंगामात नारळ केबिनमध्ये नेण्याची खास मुभा द्यावी लागली, यावरून एरवीचा नियम कळतो. ओटीचा नारळ घरीच फोडून प्रसाद वाटा, सोबत लाडू न्या.

गूळ चालतो, केबिनमध्येही. अडचण वजनाची, आणि एक्स-रेची. किलोची ढेप पडद्यावर घट्ट, काळपट गोळ्यासारखी दिसते आणि बॅग उघडायला लावतात. म्हणून गूळ तळाशी पुरू नका, वरच्या थरात मूळच्या छापील खोक्यात ठेवा. खोकं उघडून दाखवलं की काम मिनिटात होतं. त्यापेक्षा अर्ध्या किलोच्या वड्या नेणं सोपं. काकवी मात्र पातळ पदार्थात मोजली जाते. आंतरराष्ट्रीय तपासणीत १०० मिलिलीटरच्या वरची बाटली केबिनमध्ये जात नाही, आणि बाटली अर्धी रिकामी असली तरी मोजतात तो बाटलीवरचा आकडा. काकवी चेक-इनमध्ये घालायची तर काचेची बरणी टाळा. दाबता येईल अशी प्लास्टिकची बाटली घ्या, ती दाबून आतली हवा काढा आणि दाबलेली असतानाच झाकण फिरवा. विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि काकवीला झाकणातून बाहेर ढकलते. हवाच नसली तर ढकलणार कोण? झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, झाकणावर चिकटपट्टी, आणि सगळं एका पिशवीत.

भडंग हलकं, पण जागा खातं. अर्धा किलो भडंग सॅकचा पाव भाग अडवतं. पाकिटात फुगवलेली हवा असते, त्यामुळे ते घडीही होत नाही. वजन शिल्लक आणि जागा शिल्लक असेल तरच.

कापशी चपलांचा जाड जोड किलोच्या घरात जातो. पायात घालून जा. अस्सल कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीने शिवलेली असते, खिळे नसतात, त्यामुळे तपासणीच्या चौकटीतून जाताना तिचा आवाज होत नाही. पायातल्या चपलेचं आणि अंगावरच्या जाकिटाचं वजन कुणी करत नाही. मटणाचं लोणचं क्वालालंपूरला नेऊ नका, मांसाच्या पदार्थांना तिथे आयात परवाना लागतो.

पॉवर बँक केबिनमध्येच, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधी बँक ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे चालते. बँकेवरचा छापील आकडा पुसट झाला असेल तर ती घरी ठेवा, आकडा वाचता आला नाही तर काढून घेतात. वरच्या कप्प्यात न टाकता अंगाजवळ ठेवा आणि विमानात तिच्यावर फोन लावू नका.

उजळाईवाडी मध्यवर्ती बसस्थानकापासून साधारण ९ किलोमीटर. २०२४ पासून नवं टर्मिनल आहे, मोकळं आणि सुटसुटीत. काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं, महामार्गावरची गर्दी धरून दोन तास आधी पोचा. सॅक आणि पर्स अशी दोनच ओझी हातात असू द्या. तिसरी कापडी पिशवी, मग ती डब्याचीच का असेना, ‘एक हातबॅग’ या सुरक्षेच्या नियमात बसत नाही. बायकांची पर्स, छत्री, लेकराच्या दुधाचं सामान असं मोजकं त्यातून सुटतं.

खरी कसोटी विमानाच्या शिडीपाशी. ७८ आसनांच्या एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान आहेत, आणि नियमात बसणारी ट्रॉलीसुद्धा अनेकदा शिडीजवळ टॅग लावून सामानाच्या कप्प्यात टाकतात. त्यात तुमची चूक नसते आणि पैसेही पडत नाहीत. पण त्या क्षणी बॅगेतून पॉवर बँक, पासपोर्ट, औषधं, दागिने आणि लॅपटॉप बाहेर काढायला हवेत, आणि मागे रांग उभी असते. म्हणून या पाच गोष्टी पहिल्यापासून एका पातळ पिशवीत घालून बॅगेच्या तोंडाशी ठेवा. बॅग द्यायची वेळ आली की पिशवी उचलायची, झालं. टॅगचा तुकडा बोर्डिंग पासला चिकटवून घ्या. बॅग हैदराबादला विमानापाशी मिळणार की पट्ट्यावर, हे तिथेच विचारा. मऊ सॅक समोरच्या आसनाखाली जाते. फक्त आपत्कालीन दाराच्या रांगेत ती खाली ठेवता येत नाही, ती रांग घेऊ नका.

हैदराबादला टर्मिनल एकच आहे, पण तिकिटं वेगळी असल्यामुळे बॅग पुढे आपोआप जात नाही. पट्ट्यावरून बॅग घ्या, बाहेर पडा, वर प्रस्थानाच्या मजल्यावर जा आणि पासपोर्ट व तिकीट दाखवून पुन्हा आत शिरा. दोन विमानांत निदान पाच तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर वेगळ्या तिकिटावर कुणीही जबाबदार नसतो. मोबाइलवर चेक-इन केलं तरी कागदपत्रं दाखवायला काउंटरवर जावं लागतं आणि वजनकाटा तिथेच असतो. सॅक आणि पर्स दोन्ही एकदम काट्यावर ठेवायला सांगतात. रांगेत उभं राहण्याआधीच बाजूला बसून फेरवाटप करा: जड चार्जर, पुस्तकं, गूळ चेक-इनमध्ये, जाकीट अंगावर. पातळ पदार्थ एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत.

परतताना हिशेब उलटा होतो. क्वालालंपूरच्या टर्मिनल २ वर पुन्हा तेच सात किलो, म्हणून खरेदीचं सामान कुठल्या बॅगेत बसणार हे ठरवून तिकडून येतानाचे २० किलोही आधीच घेऊन ठेवा. ड्यूटी फ्रीची बाटली सीलबंद पिशवीत हैदराबादपर्यंत येते. पुढच्या कोल्हापूरच्या विमानात ती हातात नेता येत नाही. हैदराबादला बॅग हातात आली की ती कपड्यांत गुंडाळून चेक-इनमध्ये घाला, आणि बॅग पुन्हा १५ किलोंच्या आत आली का ते तिथल्याच रिकाम्या काट्यावर बघा.