तुम्ही विचारलंत म्हणून : पोरं नियम वाचतात का?

दर जूनमध्ये स्टाफरूममध्ये नवीन रुजू झालेलं कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. "मॅडम, वाङ्मयचौर्य करू नका हे पोरांना सांगायचं तरी कसं? नियम देतो, सह्या घेतो, तरी प्रकल्प उतरवूनच येतात."

आधी माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी पर्यावरण अभ्यासाच्या वर्गासाठी मी चार पानी नियमावली केली आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. पटापट निळ्या खुणा आल्या, अंगठे आले. आठवड्याने मागच्या बाकावरचा एक जण तास संपल्यावर दाराशी घुटमळला. "मॅडम, तिसऱ्या पानावर दुसऱ्याच कॉलेजचं नाव आहे." होतंच. ते धोरण मी दुसऱ्या कॉलेजच्या संकेतस्थळावरून उचललं होतं. तीन ठिकाणी नाव बदललं, चौथं राहून गेलं. आणि मथळा काय, तर 'वाङ्मयचौर्यविरोधी धोरण'!

तेव्हापासून पोरं वाचत नाहीत असं मी म्हणत नाही.

दुसरं म्हणजे, पोरं चोर नाहीत. दहावीपर्यंत गाईडमधलं उत्तर शब्द न् शब्द उतरवलं की पैकीच्या पैकी गुण. त्यांच्या लेखी 'कॉपी' म्हणजे परीक्षेत बाहीत लपवलेली चिठ्ठी. भरारी पथक धरतं ती. घरी बसून पुस्तकातली पानं सुवाच्य अक्षरात उतरवणं याला ती मेहनत म्हणतात. एका मुलीने 'जलप्रदूषण' या विषयावर बावीस पानं निळ्या-काळ्या शाईत लिहून आणली होती. प्रत्येक उपशीर्षकापुढे चौकटी कंसात 'संपादन' हा शब्द होता, वाक्यांच्या शेवटी बारीक 3, 7, 11 असे आकडे. विकिपीडियाचं पान तिने बटणासकट हाताने उतरवलं होतं. मी विचारलं, "हे संपादन म्हणजे काय गं?" "माहीत नाही मॅडम, तिथे होतं." तिच्यावर ओरडायला माझं तोंड उघडेना.

पर्यावरणाचा हा पेपर सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 सालच्या आदेशातून पदवीला सक्तीचा झाला. सक्तीचा म्हणून कंटाळवाणा, आणि कंटाळवाणा म्हणून कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्याचे तयार प्रकल्प.

आमच्यातले काही जण लगेच यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या विनियमांचा धाक दाखवतात. दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, 10 ते 40 टक्क्यांना दुरुस्त करून पुन्हा सादर करा, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण ते विनियम नीट वाचा. ते प्रबंधांना आणि शोधनिबंधांना लागू आहेत; असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे एफवायच्या, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, पोरांपुढे त्या टक्क्यांचा बागुलबुवा उभा करणं हीसुद्धा थापच. शिवाय टक्क्यांची भाषा शिकवली की पोरं टक्केच कमी करत बसतात, शब्द इकडचे तिकडे करून.

म्हणून आता पहिला तास मी नियमावर घेत नाही, एका वाक्यावर घेते. फळ्यावर लिहिते : 'ऊस बारमाही आणि जास्त पाणी पिणारं पीक असल्याने धरणाच्या लाभक्षेत्रात त्याखालचं क्षेत्र वाढलं की टेलच्या गावांना पाणी पोचत नाही.' आणि सांगते, हे तुमच्या शब्दांत लिहा. कुणीतरी लिहितंच, 'उसाला वर्षभर भरपूर पाणी लागतं, म्हणून कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस वाढला की शेवटच्या गावांची शेती कोरडी राहते.' वर्गाला विचारते, ही चोरी की नाही? सगळे म्हणतात, नाही, शब्द बदललेत की. मग मी विचारते, शब्द तुझे, पण सांगणं कुणाचं? यावर चांगली अर्धा तास हुज्जत चालते. एकदा एक जण उठून म्हणाला, "मॅडम, आमचं गावच टेलला आहे. हे सांगायला पुस्तक कशाला?" म्हटलं, तेच लिही. कालव्याचं आवर्तन कधी सुटलं, तुमच्या चारीला पाणी कितव्या दिवशी आलं, तोवर कुणाचं काय वाळलं. त्याला कुणाचा संदर्भ द्यायला नको.

वारीला जाणाऱ्या घरांतली पोरं असतात, त्यांना सालोमालो सांगते. तुकोबांचे अभंग मोडून आपल्या नावावर खपवणारा म्हणून परंपरा त्याला ओळखते, आणि गाथेत तुकोबांनी त्याचा अभंगातूनच समाचार घेतलाय. 'तुका म्हणे' काढून 'सालो म्हणे' घातलं की काय होतं, हे त्यांना चटकन कळतं. 'वाङ्मयचौर्य' हा शब्द उच्चारताना मात्र अजूनही जीभ अडखळते. माझीही.

चॅटजीपीटीचं विचाराल, तर त्याची मराठी ओळखू येते, पण ओळखू येणं म्हणजे पुरावा नव्हे. मी पाच मिनिटं तोंडी विचारते. स्वतः लिहिलेल्याला अडखळत का होईना, सांगता येतं.

सगळं सुटलंय असं नाही. गेल्या वर्षी तिघांच्या प्रकल्पात आठवडे बाजारातल्या प्लास्टिक पिशव्यांचा तक्ता आकड्यांसकट एकच निघाला. बोलावलं. "काय रे, कुणी कुणाचं उतरवलं?" ते एकमेकांकडे बघू लागले. "मॅडम, आम्ही तिघं मिळूनच मोजायला गेलो होतो." भाजीवाल्या मावशींनी पिशव्यांवरून कुणाला हाकललं तेही सांगितलं. मिळून मोजलं तर तसं लिहायचं की नाही, माझ्या आताच्या एक पानी नियमात याबद्दल ओळच नव्हती. निष्कर्षही मात्र तिघांचा शब्दशः एक होता, आणि तो कशावरून काढला हे त्यांच्यातल्या एकालाच सांगता आलं. तक्त्याचे गुण तिघांना दिले, निष्कर्षाचे एकाला.