जामीन झाला पण सुटका होईना

मी गोव्यात लीगल एडच्या केसेस करते. कोठडीत असलेल्या कुणालाही, मग तो कुठल्या का देशाचा असेना, 1987 च्या लीगल सर्व्हिसेस कायद्याने फुकट वकील मिळतो, त्यामुळे अधूनमधून फॉरेनरही वाट्याला येतात. हा पोरगा पूर्व आफ्रिकेतला, चरससकट पकडलेला. माल 100 ग्रॅमच्या वर पण किलोच्या आत, म्हणजे कायद्यातल्या थोड्या मालाच्या आणि कमर्शियल क्वांटिटीच्या मधली कॅटेगरी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते, पण कमर्शियल क्वांटिटीइतका जामीन कठीण नसतो, तो झालाही होता. अडलं एका अटीवर, याच्या एम्बसीने लिहून द्यायचं की हा भारत सोडून जाणार नाही. आता सांगा, कुठली एम्बसी असली हमी देईल? पत्रं पाठवली, दिल्लीला फोन केले, उत्तर नाही, आणि पोरगा जामिनाची ऑर्डर असून कोलवाळच्या जेलात. दर भेटीत एकच, "मॅडम, लेटर आलं का?"

मग जुलै 2024 मध्ये फ्रँक व्हायटस या ड्रग्ज केसमधल्या फॉरेनर आरोपीच्या जामिनावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. एम्बसीचं सर्टिफिकेट आरोपीच्या हातात नसतं, ते मिळत नसेल तर अट काढून पासपोर्ट जमा, हजेरी अशी दुसरी अट घालता येते. गूगल मॅपवर पोलिसांना कायम लोकेशन दाखवायची अटही त्यात उडाली, घटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा नि स्वातंत्र्याचा हक्क, सगळ्यांनाच आहे ना, फक्त नागरिकांना थोडंच! प्रिंट काढली नि अर्ज टाकला.

सरकारी वकील म्हणाले, "पळाला तर कुठे शोधायचा?" प्रश्न काही खोटा नव्हता, पळतात काही जण, आम्ही बघतो. पण दुसऱ्याच्या पळण्याची शिक्षा याने का भोगायची, तीही गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी? जजसाहेबांनी निकाल सावकाश वाचला, अट काढली, पासपोर्ट कोर्टात आणि आठवड्याला पोलीस स्टेशनात हजेरी.

वाटलं झालं. कुठलं काय! इथला जामीनदार कोण होणार याला? पुन्हा अर्ज, कॅश डिपॉझिटची परवानगी, मग घरून पैसे यायची वाट. आणि सुटल्यावर राहायला खोली मिळेना, कारण फॉरेनर ठेवला की मालकाला 24 तासांत सरकारला त्याची माहिती कळवणारा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात हा केसवाला, कोण डोक्याला ताप घेणार. शेवटी म्हापशात एक म्हातारे काका तयार झाले, भाडं मात्र दुप्पट सांगितलं. केस चालूच आहे, पुढच्या तारखेला पंचाची साक्ष आहे.